तीस नोव्हेंबरच्या आत एकही पत्रा निघणार नाही

१ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळ.

नवी वही सुरू. जुनी घरातच आहे, पण अंधारात सापडत नाही.

निर्णय: खिडक्यांवर वादळासाठी लावलेले पत्रे तीस नोव्हेंबरच्या आत काढायचे नाहीत. वादळांचा मोसम तीस नोव्हेंबरला संपतो, हे सरकारच सांगतं. एक डिसेंबरला सकाळी मी शिडीवर चढणार. त्याआधी एकही पत्रा निघणार नाही. विषय संपला.

हे आयान्थीला चहा पिताना सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मोठ्या निर्णयांचं स्वागत कसं करावं हे बायकोला जमलेलं नाही. ती म्हणाली, "अल्फियस, तू पितोयस तो चहा नाही. केस धुवायला पाला उकळून ठेवला होता मी."

चव वाईट नव्हती. संपवला. अर्ध्यात सोडला असता तर माझं काहीतरी चुकलं असं दिसलं असतं.

२ ऑक्टोबर.

कारणं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर शोधाशोध नको.

ऑगस्टमध्ये एक वादळ थेट आमच्या सेंट क्रॉय बेटाकडे निघालं होतं. मी पत्रे लावले. वादळ वळून उत्तरेला गेलं. आता पत्रे काढले तर ते परत येणार नाही कशावरून? शिवाय नोव्हेंबरातलं ते उलटं वादळ कोण विसरेल? सगळी वादळं पूर्वेकडून येतात, ते पश्चिमेकडून पाठीमागून आलं. लोक विसरले. मी विसरणार नाही, कारण मी तेव्हा मागच्या खोलीत झोपलो होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अनुभव. सी-प्लेनच्या काउंटरवर मी सगळी नोकरी काढली. समुद्रावर उतरणारी ती छोटी विमानं वारा जरा वाढला की थांबतात. "उशीर होईल" हे वाक्य या बेटावर माझ्याइतकं कुणी उच्चारलं नसेल. लोक चिडायचे, रडायचे, एका बाईने तर मला अननस फेकून मारला. मी डगमगलो नाही. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने धक्क्यावरची वाऱ्याची दिशा दाखवणारी लांब कापडी बाही मला भेट दिली. ती माझ्या छपरावर फडफडत असते. रस्त्यात दुसऱ्या कुणाच्या छपरावर असली बाही आहे का? नाही.

४ ऑक्टोबर.

आयान्थी शिवणयंत्र घेऊन समोर लुडविग थर्लंडकडे गेली. एक नोव्हेंबरच्या सणासाठी आमच्या क्वाड्रिल नाचाच्या मंडळाचे घागरे तिला शिवायचेत, मद्रासी चौकडीच्या कापडाचे. म्हणे आमच्या घरात लाल दोरा आणि हिरवा दोरा सारखाच दिसतो.

लुडविग विधुर आहे. त्याच्या जुन्या घराला बिजागरीच्या लाकडी झडपा आहेत. वादळ आलं की लोटायच्या, गेलं की उघडायच्या. दोन्ही कामं तो एका हातात कॉफीचा कप धरून करतो. अशा माणसाला निर्णय घ्यायची सवय लागणार कशी? पण त्याच्या व्हरांड्यात उजेड भरपूर. तो आपण फुकट वापरतोय आणि घरची वीज वाचतेय. माझ्या धोरणाचे फायदे दिसायला लागले.

८ ऑक्टोबर. दुपार.

चिंचेखालच्या वर्लिनच्या दुकानात सालीची गार मॉबी प्यायला गेलो. डॉमिनोचं टेबल भरलेलं होतं. मी दिसताच सगळे गप्प झाले. मग रोजच्यासारखं, "गुड आफ्टरनून, मिस्टर रोबक! कधी काढताय?"

हा प्रश्न मला दिवसातून कितीदा तरी विचारतात. सगळ्या रस्त्याचं लक्ष माझ्या खिडक्यांकडे लागलेलं आहे. मी काढले की हे काढणार. एवढी जबाबदारी दुसऱ्या कुणावर पडली असती तर तो खचला असता.

मग कळलं की तिथे तारखांचा खेळ चाललाय. प्रत्येकाने एक तारीख सांगायची, वर्लिन डोक्यात ठेवते. ज्याची तारीख सगळ्यात जवळची निघेल त्याला बकऱ्याच्या मटणाचं पहिलं वाढप. ज्याची सगळ्यात लांबची, त्याने बकरा आणायचा आणि शिजवायचाही. विषय उघड होता, मोसमातलं शेवटचं वादळ. ऑक्टोबरात शहाणी माणसं दुसऱ्या कशावर पैज लावणार? कुणीतरी ओरडलं, "माझी घे, ख्रिसमस!" वर्लिन त्याच्यावर डाफरली, "तीस नोव्हेंबरच्या पुढची घेणार नाही. एखाद्या माणसाची किती थट्टा करायची!" कोणत्या माणसाची, ते कळलं नाही.

मी म्हणालो, माझीही तारीख घे.

लुडविगच्या नाकातून मॉबी बाहेर आली.

"मिस्टर रोबक, तुम्ही?" वर्लिन म्हणाली. "या खेळात?"

"का नाही? या विषयातलं माझ्याइतकं इथे कुणाला कळतं?"

"ते अगदी खरं. तुमच्याइतकं कुणालाच कळणार नाही."

"तीस नोव्हेंबर."

"बघा हं. मागाहून बदलून मिळणार नाही."

"वर्लिन, मी काउंटरवर एकदा सांगितलेली वेळ कधी बदलली नाही." (दर तासाला बदलायचो. पण ते वाऱ्यामुळे.)

टेबलावरच्या सगळ्यांनी उठून माझ्याशी हात मिळवला. दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं. आयान्थीने तिची तारीख म्हणे आधीच वर्लिनच्या कानात सांगून ठेवली आहे. तिला हवामानातलं ओ का ठो कळत नाही, पण खेळू दे बिचारीला.

११ ऑक्टोबर.

लुडविगचं अवोकाडोचं झाड यंदा लगडलंय. आमच्याकडचे जुने लोक सांगतात, झाड लगडलं की वादळ येतं. माझ्या झाडाला यंदा एकही फळ नाही. म्हणजे फळं धरून उपयोग नाही हे त्याला आधीच कळलंय. दोन्ही झाडं एकच गोष्ट सांगतायत.

वर्लिन मुद्दाम घरी आली, गरम तळलेले जॉनीकेक घेऊन. दारातून आत येताना छत्रीच्या स्टँडला धडकली. "गुड मॉर्निंग, मिस्टर रोबक. कुठे आहात तुम्ही? हां, दिसलात. आफ्रिकेकडे ढग जमलेत म्हणे. पंधरा नोव्हेंबरपर्यंत हात लावू नका हं पत्र्यांना. पंधराला मात्र हवा फार छान असेल, असं माझं मन सांगतं."

बाई समजूतदार आहे. जॉनीकेकही उत्तम होते. एक खाली पडला तो सापडला नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार.

पास्टर युनिसने चर्चच्या पायऱ्यांवर गाठलं. जुलैतल्या एका सोमवारी आम्ही देवाकडे मागतो, "वादळं टाळ." ऑक्टोबरातल्या एका सोमवारी आभार मानतो, "टाळलीस, बरं झालं." आणि आमच्या चर्चचा रिवाज असा, की ज्याने मागितलं त्यानेच आभारही मानायचे. जुलैत मी मागितलं होतं. इतकं सविस्तर मागितलं की मागच्या बाकावरची काही माणसं घरी जाऊन जेवून परत आली.

युनिस म्हणाली, "ब्रदर रोबक, एकवीसला तुम्ही उभे राहणार. आभार मानणाऱ्याचं घर बंद बरं दिसतं का? एकवीसला सकाळी पत्रे काढूनच या. एकवीसलाच. आदल्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी नको."

मी तिला अडचण समजावून सांगितली. आभार मानण्याआधी पत्रे काढले तर देव म्हणेल, हा मला गृहीत धरतोय. आभार मानल्यावरही ठेवले तर म्हणेल, याचा माझ्यावर भरवसा नाही. मोठा नाजूक प्रश्न आहे. युनिस म्हणाली, "देवाचं मी बघते. तुम्ही शिडी बघा."

१६ ऑक्टोबर.

तोडगा सापडला! इतका सोपा की आजवर कुणाला सुचला कसा नाही याचं आश्चर्य वाटतं. एकवीसला सांगेन.

आयान्थीची खुर्ची दिसत नाही. रेडिओही नाही. किटलीपण समोर गेली. विचारलं तर म्हणाली, "तिथे किटलीचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते दिसतं." संध्याकाळी मंडळाची तालीमही आता लुडविगच्या व्हरांड्यात असते. वर्लिन फेऱ्या पुकारते, तिचा आवाज पत्र्यांतूनही येतो. क्वाड्रिलमध्ये मी आणि आयान्थी लग्नाच्या आधीपासूनचे जोडीदार. मला तालमीची गरज नाही. शिवाय संध्याकाळचा वारा हा माझ्या निरीक्षणाचा वेळ.

१९ ऑक्टोबर, शनिवार.

लुडविग शिडी घेऊन दारात. "गुड मॉर्निंग, अल्फियस. चल, आज काढून टाकू. मी आहे, शिडी आहे, ऊन आहे. आजच्यासारखा दिवस नाही."

"उद्या का नाही?" मी मुद्दाम विचारलं.

"उद्या? छे छे. उद्या काही उपयोग नाही. आजच."

मी म्हणालो, घाई ही माणसाची शत्रू आहे. तो पायरीवर बसला आणि पुटपुटला, "गेलं मटण." म्हातारपणी डोक्यात विषय कसे मिसळतात ते बघा.

२० ऑक्टोबर.

सकाळपासून रस्ताभर नट फिरवल्याचे आवाज. एकेक घर उघडं पडतंय. माझी वाट न बघता! मोसम संपायला अजून महिन्याहून जास्त वेळ आहे. दुःख झालं. पण पुढाऱ्याला कधी कधी मागे एकटंच राहावं लागतं.

२१ ऑक्टोबर, आभाराचा सोमवार. संध्याकाळ.

आजचा दिवस माझ्या आयुष्यात विसरला जाणार नाही.

चर्चमध्ये मी पुढे जात असताना सगळे माझ्या पायांकडे बघत होते. नंतर आयान्थीने सांगितलं की एक बूट काळा होता आणि एक तपकिरी. खरं तर माझे काळे बूट, नाचाचे, जोडीने कुठेच सापडत नव्हते. हा काळा दुसऱ्याच कुठल्यातरी जोडीतला. असो.

आता तोडगा. मी उभा राहिलो आणि देवाला म्हणालो, "हे प्रभो, यंदा आजपर्यंत तू वादळं टाळलीस याबद्दल आम्ही तुझे तात्पुरते आभार मानतो. हे आभार तीस नोव्हेंबरपर्यंत हवामानाच्या अधीन राहून ग्राह्य धरावेत. त्या दिवशी संध्याकाळी सर्व काही ठीक असल्यास ते आपोआप कायम होतील. मधल्या काळात काही बदल झाल्यास प्रवाशांना, म्हणजे भाविकांना, कळवण्यात येईल."

परिणाम फार खोल झाला. लोक बाकांवर अक्षरशः हलत होते. गायकांच्या रांगेतली एक बाई तोंडावर रुमाल धरून हुंदके देत बाहेर गेली. पास्टर युनिसने बराच वेळ पुस्तकाआड चेहरा लपवला. भावना आवरत नसावी. मग ती म्हणाली, "आमेन. आणि ब्रदर रोबक, एकवीस तारीख गेली बरं का." म्हणजे काय, विचारायचं राहून गेलं.

घरी येताना आयान्थी माझ्या पुढे चालत होती. दारात थांबली. म्हणाली, "मला वाटलं होतं निदान आज माझ्या घरात उजेड येईल." मग समोर गेली.

रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

२२ ऑक्टोबर.

तिने उशीही नेली. दुपारच्या झोपेची. रात्री परत आणली. तरी नेली.

२५ ऑक्टोबर.

आयान्थी म्हणाली, तू तालमीला येत नाहीस म्हणून तुझ्या जागी लुडविग नाचतोय. तात्पुरता. "तुझा शब्द आहे ना, तात्पुरता? त्याच अर्थाने."

मी मोठ्या मनाने परवानगी दिली. तिने मागितली नव्हती. लुडविगच्या गुडघ्यांची अवस्था मला माहीत आहे. दोन फेऱ्यांत बसेल.

संध्याकाळी वर्लिनचा आवाज ऐकू येत होता, "जोडीदाराला फिरवा! पुन्हा फिरवा!" पुन्हा कशाला, एकदा पुरे होतं.

२८ ऑक्टोबर. सकाळ, धावपळ.

पश्चिमेचा वारा!! छपरावरची बाही पूर्वेकडे शेपूट करून ताठ उभी. म्हणजे वारा पाठीमागून, तेच ते उलटं वादळ. मी महिनाभर हेच सांगत होतो.

शेजारचं भांडं घेऊन वाजवत रस्त्याने गेलो. वर्लिनला दुकान बंद करायला लावलं. युनिसला फोन केला, म्हणालो तात्पुरते आभार मागे घ्या. सगळे बाहेर आले. लुडविगने एक हात वर केला, दुसऱ्यात कॉफी होती. म्हणाला, "अल्फियस, माझ्या कॉफीची वाफ तर पूर्वेकडून पश्चिमेकडे चाललीय. वारा रोजचाच आहे." मग शिडी लावून वर गेला. बाही आमच्या अँटेनात गुंतली होती.

मुळात बाहीची शिवण उसवली म्हणून ती गुंतली. आणि शिवण उसवली कारण शिवणयंत्र समोर आहे. तेव्हा दोष कुणाचा ते उघड आहे. लोक हसत घरी गेले. आयान्थी हसली नाही, ती बाही घेऊन गेली आणि संध्याकाळपर्यंत शिवून परत दिली. मी "थँक यू" म्हणालो. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, पण आत अंधार असल्यामुळे नक्की सांगता येत नाही.

३० ऑक्टोबर.

घरात शिवणयंत्राचा आवाज नाही. इतकी वर्षं तो आवाज डोकं उठवतो म्हणून मी तक्रार करत आलो. आता नाही, तर बरं वाटत नाही. जेवताना समोर कुणीतरी बसलंय असं वाटून मीठ मागितलं. कोट होता, खुर्चीवर टाकलेला.

पत्रे काढायचे नाहीत. निर्णय तो निर्णय.

३१ ऑक्टोबर.

पुढच्या खिडकीच्या दोन पत्र्यांमध्ये एक फट आहे. हवामानाच्या निरीक्षणासाठी तिथे डोळा लावला. समोरच्या व्हरांड्याची फक्त खालची बाजू दिसते. लाल-पिवळ्या घागऱ्याचा घेर, फिरतोय. शेजारी पुरुषाचे पाय. पायांत माझे काळे नाचाचे बूट.

गुडघ्यांच्या वर काही दिसत नाही. ही फट निरीक्षणाच्या दृष्टीने अपुरी आहे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. बुल अँड ब्रेड डे, म्हणजे मांस आणि पावाचा सण. रात्र होण्याआधी सगळं लिहून काढतो.

सकाळी शेवटची तालीम सुरू झाली. फटीतून तेच. घागरा, बूट. मध्येच आयान्थीच्या हसण्याचा आवाज. ती नाचताना एक विशिष्ट हसते. ते हसू माझं आहे. म्हणजे माझ्यासोबतच्या फेरीतलं.

सरळ दार उघडून बाहेर जाता आलं असतं. पण मग मी डोकावायला आलो असं दिसलं असतं. खिडकीतून बघितलं तर ते निरीक्षण. त्यामुळे शास्त्रीय दृष्ट्या योग्य मार्ग एकच होता: बाहेर जायचं, समोर अजिबात न बघता खिडकीचा एक पत्रा काढायचा, परत आत यायचं आणि मग बघायचं. एकच पत्रा. तोही तपासणीपुरता.

शिडी लावली. रस्त्याकडे पूर्ण पाठ. नट खारट हवेने आवळलेले, पण मी मागे हटणारा नाही. मधला पत्रा हवा होता. तो कडेच्या पत्र्याखाली दबलेला असतो, कडेचा काढल्याशिवाय निघत नाही, हे मी विसरलो होतो. कडेचा काढला. तो हातातून सुटून खाली पडला, केवढा आवाज!

आणि माझ्या पाठीमागे टाळ्यांचा कडकडाट झाला. शिट्ट्या. कुणीतरी ढोल बडवला. "रोबक! रोबक!" मला भरून आलं. शेवटी रस्त्याला कळलं होतं. मी न वळता, शिडीवरूनच, किंचित वाकून अभिवादन केलं. टाळ्या वाढल्या. अशा वेळी एका पत्र्यावर थांबणं बरं दिसत नाही. मी दुसरा काढला, तिसरा काढला, बाजूच्या खिडकीकडे वळलो. लोक गात होते. घराभोवती फिरून शेवटचा पत्रा काढला तेव्हा शर्ट पिळून काढता आला असता.

मग आत गेलो आणि पुढच्या खिडकीतून समोर बघितलं.

आमचं घर असं आहे हे मी विसरलो होतो. टेबलावर ऊन होतं. छत्रीच्या स्टँडमागे वर्लिनचा जॉनीकेक होता, ऑक्टोबरातला. जुनी वही माझ्या खुर्चीवर होती, मी महिनाभर तिच्यावर बसत होतो. आणि समोर सगळा रस्ता व्हरांड्यात उभा राहून टाळ्या वाजवत होता. माझ्याकडे बघून नाही. आयान्थीकडे बघून.

वर्लिन ओरडली, "एक नोव्हेंबर! मिस आयान्थी जिंकली!"

हळूहळू सगळं कळलं. खेळ शेवटच्या वादळाचा नव्हताच. माझा पहिला पत्रा कधी निघतो, त्याचा होता. लुडविगची तारीख एकोणीस ऑक्टोबर, युनिसची एकवीस, वर्लिनची पंधरा नोव्हेंबर. सगळ्या बेटावर ज्याच्या हातात निकाल होता असा एकच माणूस, आणि त्याची तारीख सगळ्यात लांबची ठरली. बकरा माझा.

मी रस्ता ओलांडून गेलो. लुडविगने बूट काढून हातात दिले. "घे बाबा. माझे अंगठे सुन्न झालेत."

आयान्थीपुढे उभा राहिलो. म्हणालो, मी आलो.

ती म्हणाली, "उशीर झाला." अगदी माझ्या काउंटरच्या आवाजात. "पहिली फेरी लुडविगला दिलीय, शब्द दिलाय. शेवटच्या फेरीसाठी थांबायची तयारी असेल तर जागा आहे."

थांबलो. दुपारी मैदानात लोक भाजलेलं मांस आणि पाव खात होते, मी कठड्याजवळ बूट घालून उभा होतो. उभं राहून वाट बघणं किती वाईट असतं हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सगळेच सांगत होते.

शेवटची फेरी मिळाली. मी दोनदा चुकीच्या बाजूला वळलो. तालीम नव्हती ना. ती हसली, ते विशिष्ट हसू.

३ नोव्हेंबर, रविवार.

बकरा आणला. चिंचेखाली चूल मांडली. वारा रोजचाच, पूर्वेकडून, आणि जाळ विझत होता, म्हणून लुडविगने माझे पत्रे आणून चुलीभोवती उभे केले. म्हणाला, एवढे दिवस जपलेस, कामाला आले. आता ते काजळीने काळे झालेत आणि एक वाकलाय.

शिवणयंत्र घरी परत आलं. खिडकीशी आहे. पहाटेपासून खडखडतंय, डोकं उठलं. काही बोललो नाही.

मटण ढवळता ढवळता आयान्थीला विचारलं, एक नोव्हेंबर तू कशावरून काढलीस? वारा बघितलास? ढग? अवोकाडो? ती म्हणाली, "मला वाऱ्यातलं काय कळतंय! मला एवढंच माहीत होतं की सणाच्या दिवशी मी दुसऱ्याबरोबर नाचतेय हे तुला बघितल्याशिवाय राहवणार नाही. आणि समोर येऊन बघण्यापेक्षा तू अख्खं घर उघडशील."

हवामानशास्त्रात या पद्धतीला काही आधार नाही. नोंद मात्र करून ठेवली.

पुढच्या वर्षीच्या तारखा आत्ताच सुरू झाल्यात. मी वर्लिनला म्हणालो, मलाही घे, आता खेळ कळलाय. निर्णयही झालाय. पुढच्या वर्षी पत्रे वीस ऑक्टोबरला काढणार, आणि तारीखही वीसच लावणार. हरण्याचा प्रश्नच नाही.

वर्लिन म्हणाली, "घेते ना, मिस्टर रोबक. तुम्हाला आधी घेते." मग तिने मान वळवून सगळ्यांना ओरडून सांगितलं की पुढच्या वर्षीचाही बकरा ठरला.

ढवळायला जातो. खाली लागतंय.